मशरूमच्या अर्काने डास जातात का? मुंबईतल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मोबाइलवर एक संदेश फिरला. मशरूम उकळून ते पाणी पिंपात आणि कुंड्यांत ओता, डास संपतील, शिवाय रसायन नको, असा. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे जिन्यात भेटणारा प्रत्येकजण मलाच विचारू लागला. शेवटी सगळे प्रश्न एका जागी लिहून काढायचं ठरवलं. २०१०च्या पावसाळ्यात मुंबईत मलेरियाची मोठी लाट आली होती, तेव्हा माझा मुलगा आठ दिवस तापाने फणफणला होता. डासांचा विषय तेव्हापासून मला हलका वाटत नाही.

खाण्याच्या मशरूमच्या अर्काने डास मरतात का?

प्रयोगशाळेत काही अळंब्यांच्या अर्काने डासांच्या अळ्या मेल्या आहेत. उडणारे डास नव्हे, पाण्यातल्या अळ्या. आणि तो अर्क म्हणजे आपल्या गॅसवर उकळलेलं पाणी नव्हे. घरात वापरता येईल असा उपाय यातून अजून तयार झालेला नाही. पुढचं सगळं याचाच खुलासा आहे.

मग ही कल्पना आली कुठून? अगदीच निराधार आहे का?

निराधार नाही, म्हणून तर ती इतकी पटते. बुरशीला पळता येत नाही. तिला खाणारे किडे, सूत्रकृमी, गोगलगायी सतत आजूबाजूला असतात. त्यामुळे बुरशीवर्गाने स्वतःच्या बचावासाठी तऱ्हेतऱ्हेची रसायनं बनवली आहेत. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली एक विषारी अळंबी युरोपात दुधात कुस्करून ठेवत आणि त्यावर माश्या मारत. तेराव्या शतकातल्या लिखाणातही तिचा उल्लेख आहे. तिचं इंग्रजी नावच ‘फ्लाय अ‍ॅगॅरिक’. ती खाण्याची नव्हे, हे मुद्दाम सांगते.

खाण्याच्या अळंब्यांत सगळ्यांत नवलाची आहे ती आपली धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम. ती लाकडावर वाढते आणि लाकडात नायट्रोजन फार थोडा. ती उणीव धिंगरी सूक्ष्म जंत मारून भरून काढते. कॅनडातल्या संशोधकांनी १९८४ साली हे दाखवलं. तिच्या तंतूंवर लॉलीपॉपच्या आकाराच्या इवल्याशा पिशव्या असतात. जंताचा स्पर्श झाला की पिशवी फुटते आणि जंत काही मिनिटांत लुळा पडतो. त्या पिशवीतलं द्रव्य ३-ऑक्टॅनोन आहे, हे तैवानच्या शास्त्रज्ञांनी २०२३ साली प्रसिद्ध केलं.

माझ्या अंदाजाने फिरणाऱ्या संदेशांचं मूळ इथेच कुठेतरी आहे. पण जंत वेगळा आणि डासाची अळी वेगळी. ती पिशवी जिवंत तंतूवर असते आणि जंत तिला येऊन टेकतो म्हणून फुटते. भाजी म्हणून चिरलेल्या, उकळलेल्या धिंगरीत त्यातलं काय उरणार?

डासांवर थेट केलेलं कामही आहे. थायलंडच्या संशोधकांनी जंगलातल्या अनेक अळंब्यांचे अर्क डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्यांवर तपासून २०१५ साली निष्कर्ष छापले. त्यांनी ज्या अळंबीवर विशेष भर दिला ती लाकडावर वाढणारी, चिवट जातीची, भाजीत घालण्यासारखी नव्हे.

घरी उकळलेलं मशरूमचं पाणी का चालत नाही? करून पाहायला काय हरकत आहे?

मी करून पाहिलं. पाव किलो धिंगरी अर्धा तास उकळली, पाणी गाळून थंड केलं. गच्चीवरच्या एका फुटक्या बादलीतून अळ्या आणल्या. दोन काचेच्या ग्लासांत सारख्याच अळ्या, एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात दोन मोठे चमचे हा काढा. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे अळ्या तशाच वळवळत होत्या. चौथ्या दिवशी काढा घातलेल्या ग्लासातल्या अळ्या जास्त भरलेल्या दिसल्या. घरगुती प्रयोग होता, त्यावरून शास्त्र मांडता येत नाही, पण कारण सरळ आहे. काढ्यात साखर आणि प्रथिनं उतरतात, त्यावर जिवाणू माजतात आणि अळ्या नेमके तेच जिवाणू खातात. आपण त्यांना पेज पाजत असतो.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. अंडी घालायला निघालेली मादी पाण्याचा वास घेत जागा निवडते. गवत, पेंढा, पाला कुजलेलं पाणी तिला खुणावतं, कारण तिथे पिल्लांना खायला मिळणार. डासांचा अभ्यास करणारे लोक माद्या पकडायच्या सापळ्यात मुद्दाम गवत भिजवलेलं पाणी ठेवतात. मशरूमचा काढा दोन दिवसांत त्याच जातीचं पाणी होतो. म्हणजे ज्या पिंपातून डास घालवायचे, त्याच पिंपात आपण त्यांना आवतण देऊन बसवतो.

आता मात्रेचा हिशोब करा. प्रयोगशाळेत अळ्यांपैकी निम्म्या मारायला किती अर्क लागला, हे पीपीएममध्ये मोजतात. एक पीपीएम म्हणजे एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम. समजा एखादा अर्क ५०० पीपीएमला काम करतो. आपल्याकडचं निळं पिंप २०० लिटरचं. त्यात १०० ग्रॅम कोरडा अर्क टाकावा लागेल. वाळवलेल्या मशरूमच्या दहाव्या हिश्श्याइतका अर्क निघतो असं धरलं, तर एक किलो सुकं मशरूम लागेल. ताज्या मशरूममध्ये सुमारे नव्वद टक्के पाणीच असतं, म्हणजे बाजारातून दहा किलो आणायचं. तेही एका पिंपासाठी, निम्म्याच अळ्या मारायला, आणि पाणी बदललं की पुन्हा पहिल्यापासून. ज्या चाळीत रोज पहाटे नळाला पाणी येतं आणि पिंप रोज भरतं, तिथे हे कसं परवडणार? तुलनेसाठी सांगते, साठवणीच्या पाण्यात अळ्या मारण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेलं टेमेफॉस हे औषध लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंतच घालायचं असतं. तेवढ्याच पिंपाला ०.२ ग्रॅम.

मशरूमच्या वासाने डास पळतात असं ऐकलं. खरं आहे?

उलट आहे, आणि ही गोष्ट सांगताना मला आजही गंमत वाटते. मशरूमला जो खास ओलसर, मातकट वास असतो, त्यामागचं मुख्य द्रव्य म्हणजे १-ऑक्टेन-३-ऑल. जपानमधल्या मात्सुताके अळंबीत ते १९३०च्या दशकात ओळखलं गेलं. त्याला ‘मशरूम अल्कोहोल’ असंही म्हणतात. पुढे कळलं की गाईबैलांच्या श्वासात आणि माणसाच्या घामातही तेच द्रव्य असतं. डासांच्या अनेक जातींच्या माद्यांना तो जेवणाचा वास वाटतो. म्हणून परदेशात मिळणाऱ्या डासांच्या सापळ्यांत कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला हेच आमिष लावतात.

तेव्हा मशरूमचा कुठे उपयोग झालाच असेल, तर तो डासांना बोलावण्यासाठी, पळवण्यासाठी नव्हे. अर्थात ओट्यावर चार मशरूम चिरली म्हणून घरात डास गोळा होतील अशी भीती बाळगू नका. तुमचा स्वतःचा श्वास त्यापेक्षा कितीतरी मोठं आमिष आहे.

मशरूम वाळवून धूप घातला तर?

कुठलाही धूर दाट झाला की डास थोडा वेळ बाजूला होतात. तो गुण धुराचा, मशरूमचा नाही. आणि तो धूर आपल्याच फुप्फुसात जातो. दहा बाय बाराच्या खोलीत लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर हे अजिबात करू नका.

मी बाल्कनीत धिंगरी लावते. तिथे डास कमी होतील की वाढतील?

धिंगरीमुळे कमी होणार नाहीत. वाढतील की नाही हे तुमच्या हातात आहे. धिंगरीला दमट हवा लागते, साधारण ८० ते ८५ टक्के आर्द्रता, म्हणून आपण ती वाढते त्या पेंढ्याच्या पिशव्यांवर दिवसातून दोन-तीन वेळा पाणी फवारतो. ते खाली थाळीत, फरशीच्या उतारावर साचतं. ती थाळी आठवडाभर ओतली नाही की एडिस तयार.

बऱ्याच जणी सांगतात, मशरूम लावल्यापासून बारीक डास झाले. ते बहुधा डास नसतात. मशरूमच्या पिशव्यांवर सायरिड नावाची काळी, नाजूक माशी येते, लांब पायांची, दिसायला डासासारखी. ती चावत नाही, पण तिच्या अळ्या धिंगरीचे तंतू खातात. पिशव्यांभोवती बारीक जाळी लावा आणि पिवळी चिकट पट्टी टांगा.

दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. धिंगरी पूर्ण उमलून कडा वर वळायच्या आत काढा. उशीर झाला तर ती पांढऱ्या धुळीसारखे बीजाणू सोडते आणि बंद जागेत ते रोज श्वासात गेले तर मशरूम शेतीतल्या कामगारांना होतो तसा फुप्फुसाचा त्रास होऊ शकतो. दुसरी गोष्ट पेंढा भिजवलेल्या पाण्याची. धिंगरीसाठी पेंढा निर्जंतुक करण्याची आपल्याकडची एक सर्रास पद्धत म्हणजे सुमारे शंभर लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि १२५ मिलिलिटर फॉर्मलीन हे जंतुनाशक घालून पेंढा रात्रभर बुडवणे. ते उरलेलं पाणी ‘मशरूमचं नैसर्गिक पाणी’ म्हणून कुंड्यांत ओतताना मी पाहिलंय. त्यात अळ्या मेल्या तर त्या फॉर्मलीनने मेल्या. घरी लावायची असेल तर पेंढा गरम पाण्यात वाफवून घ्या, तेवढं पुरतं.

पावसाळ्यात आरे कॉलनीत, डोंगरावर उगवणारी अळंबी यासाठी आणावी का?

नाही. ओळख पक्की नसेल तर हातही लावू नका. पावसात मैदानांवर, सोसायटीच्या हिरवळीवर उगवणारी एक मोठी पांढरी छत्री दिसायला खाण्याच्या अळंबीसारखी असते, पण खाल्ली तर ओकाऱ्या-जुलाबाने माणूस आडवा होतो. जीवघेण्या जातींमधलं विष उकळल्याने जात नाही, ते काढ्यात उतरतं. असा काढा स्वयंपाकघरात बाटलीत भरून ठेवला आणि कुणी चुकून प्यायलं तर? आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून काहीही तोडून आणणं हा गुन्हा आहे.

मशरूम खाल्ल्याने डास चावत नाहीत का? डेंग्यूत प्लेटलेट वाढतात का?

दोन्हीचं उत्तर नाही. मशरूम हा चांगला आहार आहे, जरूर खा. पण डेंग्यूच्या तापात घरगुती उपायांत दिवस घालवू नका. ताप आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ आणि रक्ततपासणी. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण डेंग्यूत नेमके ताप उतरतानाचे एक-दोन दिवस सांभाळायचे असतात. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, यांतलं काहीही दिसलं तर त्याच वेळी दवाखान्यात न्या.

बाजारात ‘मशरूमयुक्त’ डासनाशक मिळतं. घ्यावं का?

मागच्या वर्षी एका प्रदर्शनात मीही अशी एक बाटली घेतली. लेबलवर पानं-फुलं होती, पण आत काय आहे, किती आहे आणि नोंदणी क्रमांक कोणता, यांतलं काही नव्हतं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, नैसर्गिक आहे काकू, नोंदणी लागत नाही. लागते. डास मारण्यासाठी किंवा पळवण्यासाठी म्हणून विकायच्या कीटकनाशकाची कीटकनाशक कायदा, १९६८ खाली केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदणी व्हावी लागते. वेष्टनावर तो क्रमांक आणि घटकाचं प्रमाण नसेल तर बाटली परत ठेवा. विनानोंदणीच्या डास अगरबत्त्यांचाही हाच प्रश्न आहे. वेष्टनावर वनस्पतींची नावं आणि आत भलतंच रसायन, असं अनेकदा उघड झालंय.

पण बुरशी आणि जिवाणू वापरून डास मारतात, हे तर खरं ना?

अगदी खरं. फक्त ती ताटात वाढायची अळंबी नव्हे. मेटारायझियम आणि बोव्हेरिया या किडींना ग्रासणाऱ्या बुरशी आहेत. त्यांचे बीजाणू डासाच्या अंगाला चिकटतात, कवच भेदून आत शिरतात आणि डास काही दिवसांत मरतो. यांवर जगभर काम चालू आहे.

रोजच्या वापरात मात्र सगळ्यांत भरवशाचा ठरलाय तो एक जिवाणू, बीटीआय. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात मेलेल्या अळ्यांचा खच पडलेला दिसला, त्यातून १९७६ साली तो सापडला. त्याच्यात प्रथिनाचा एक स्फटिक असतो. अळीच्या आम्लारीधर्मी आतड्यात तो विरघळतो आणि आतडं फाडतो. माणसाच्या किंवा माशाच्या पोटात तसं होत नाही. नैसर्गिक उपायच हवा म्हणून मशरूमकडे वळलेल्या माणसाला मी आधी याचं नाव सांगते. नोंदणी असलेलंच घ्या आणि वेष्टनावरच्या मात्रेने वापरा.

टाकीतल्या गप्पी माशांना मशरूमचा काढा चालेल का?

काढा कुजला की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. गप्पी अळ्या खाण्याचं काम करतच असतात, त्यांच्या पाण्यात काही टाकू नका. शोभेच्या हौदात, जुन्या विहिरीत गप्पी उत्तम. नाल्यात किंवा तलावात मात्र सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांना त्यांचा त्रास होतो.

मग मुंबईत रसायनाशिवाय नेमकं करायचं तरी काय?

आधी शत्रू ओळखा. मुंबईत तीन डास महत्त्वाचे. गटारात, नाल्यात, सेप्टिक टाकीत वाढतो तो क्युलेक्स, रात्री कानाशी गुणगुणतो, हत्तीरोग पसरवतो. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा एडिस कुंडीखालच्या थाळीत, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, मनी प्लांटच्या बाटलीत, छपरावरच्या निळ्या ताडपत्रीच्या खळग्यात, टायरात, शहाळ्याच्या करवंटीत वाढतो. तिसरा अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी, मलेरियाचा. त्याला गच्चीवरची टाकी आणि विहिरीचं स्वच्छ पाणी आवडतं. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली दिसली तर ती अ‍ॅनोफिलिसची, डोकं खाली करून तिरकी लटकलेली दिसली तर बाकीच्या दोघांपैकी एकाची.

मुंबईत विहिरींतून मलेरिया पसरतो हे मलेरियाचा अभ्यास करणारे डॉक्टर चार्ल्स बेंटली यांनी १९११च्या अहवालात दाखवून दिलं. त्यानंतर शहरातल्या कितीतरी विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. लोकांनी विरोधही केला, कारण अनेक विहिरी श्रद्धेच्या होत्या. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही आहे. विहिरींची जागा आता गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली आहे. टाकीचं झाकण घट्ट बसतं का, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी आहे का, वर चढायला धड शिडी आहे का, हे पाहा. आमच्या इमारतीत झाकणाला बोटभर फट होती. शिडी मोडकी म्हणून वर्षभर कुणी चढलंच नव्हतं. आता दर महिन्याला मी कुणाला तरी सोबत घेऊन वर जाते.

घरात आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करा. मुंबईच्या हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा. पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. एडिस पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेलगत भिंतीवर अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडूनही महिनोन् महिने टिकतात. आतली बाजू काथ्याने किंवा ब्रशने घासा, मग उन्हात ठेवा. पाण्याची वेळ पहाटे दोन तासांचीच असेल आणि पिंप रिकामं करणं परवडत नसेल, तर तोंडाला जुन्या सुती साडीचं फडकं दोरीने घट्ट बांधा. मध्ये झोळ पडू देऊ नका. पावसात त्या झोळातही पाणी साचतं.

शेजारच्या बंद घरात, अर्धवट बांधकामावर पाणी साचलंय. कुणाला सांगायचं?

महापालिकेच्या तुमच्या विभाग कार्यालयात कीटकनाशक विभाग असतो. १९१६ या क्रमांकावरही तक्रार करता येते. डासांची पैदास होऊ देणाऱ्या जागामालकाला १८८८च्या महापालिका अधिनियमाखाली नोटीस देता येते. फक्त धूरफवारणी मागू नका. धुराने उडणारे डास पडतात, पाण्यातल्या अळ्यांना काहीच होत नाही. जागा दाखवा, फोटो काढून ठेवा.

मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी मशरूमच्या अर्काचा प्रयोग करायचा आहे. करू द्यावा का?

जरूर. फक्त दुकानातून आणलेली, खाण्याची धिंगरी किंवा बटण मशरूमच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत एका पेल्यात २५ मोठ्या झालेल्या अळ्या घेतात आणि २४ तासांनी मेलेल्या मोजतात. तिलाही तसंच करू द्या. एक पेला नुसत्या पाण्याचा हवाच, नाहीतर अळ्या कशाने मेल्या ते कळणार नाही. मात्रा तीन-चार वेगवेगळ्या ठेवा, प्रत्येक मात्रेचे निदान तीन पेले करा. एकही अळी मेली नाही तरी तो निष्कर्षच आहे, वहीत तसाच लिहायला सांगा. मी शिकवत असताना मुलं आकडे ‘सुधारून’ आणत, तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

पेल्यांच्या तोंडाला मलमल रबराने बांधा, कारण कोष झालेल्या अळ्यांतून दोन दिवसांत डास बाहेर पडतात. प्रयोग संपला की पेले बेसिनमध्ये ओतू नका. उरलेल्या अळ्यांवर मोठ्या माणसाने उकळतं पाणी घालायचं आणि मगच पेले कोरड्या मातीत रिकामे करायचे.